राणी पैलतीराला गेली

बेटाच्या नावेसाठी रांगेत ताटकळलेल्या शिक्षिकेच्या कानावर दोन नावाड्यांचं बोलणं पडलं.

“दाजी, जुन्या गोष्टीतली राणी बेटावरून उडी घेऊन बुडाली, असं सगळे नावाडी प्रवाशांना सांगतात. तुम्ही एकटेच तिला पोहत पैलतीराला नेता. तुमच्यापायी लोक मला खोटं पाडतात.”

“पाडू दे.”

“पूर्वी तुम्हीही बुडवतच होतात की तिला!”

“तेव्हा माझ्या पोरीनं तिथून उडी घेतली नव्हती.”

“भाची माझीही होती, दाजी. वर्ष झालं, आता मनाला समजवा.”

“होती म्हणू नकोस. सापडलीय का ती?”

“नाही.”

“मग?”

“बरं, गेली राणी पोहत. पुढं कुठं गेली, असं कुणी विचारत नाही?”

“सगळेच विचारतात.”

“काय सांगता?”

“किनारा आला, उतरा म्हणतो.”