सुमनताईंना मिरची खुडता येत नाही

तुम्ही हसाल, पण सुमनताईंना मिरची नीट खुडता आली असती, तर माझ्या भावाचं काय झालं असतं कोण जाणे.

भाऊ इथे नंदुरबारलाच मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला. मध्यंतरी त्याची झोप उडाली, भास व्हायला लागले. एक दिवस आईने घरी खुडायला आणलेल्या मिरच्यांच्या ढिगाजवळ तो विळा घेऊन बसला. "जो जवळ येई, त्याले कापसू!" शेजारी म्हणाले, पोलिसांना बोलवा. आई म्हणाली, "नको, सुमनताईले फोन कर."

आमच्या वस्तीत काही जण अशा वेळी घरोघर धावून जातात, ताई त्यांतल्याच. त्या आल्या, गर्दी हटवली आणि दाराशी बसून मुकाट्याने मिरचीचे देठ खुडायला लागल्या.

भाऊ बघत होता. शेवटी ओरडलाच, "अशी खुडतस का कोनी? सगळं बी सांडी ऱ्हायनं!"

"मंग दखाड ना भाऊ."

दाखवायचं तर दोन्ही हात लागतात. त्याने विळा खाली ठेवला.

खुडता खुडता तोच म्हणाला, "ताई, झोप येत नही." मग आम्ही त्याला रिक्षाने दवाखान्यात नेलं.

परतताना मी म्हटलं, "ताई, मुद्दाम चुकीची खुडत होतात ना?"

त्या लालभडक हातांवर फुंकर घालत होत्या. "मुद्दाम कसली? जन्मात पहिल्यांदा खुडली!"

भाऊ आता बरा आहे. ताईंच्या घरची वर्षाची मिरची तोच खुडून देतो. त्या मदतीला बसल्या की म्हणतो, "ताई, तुमी हात नका लावू. बी सांडस."