डोळ्यांत औषध, गल्लीत बोभाटा

हॅलो?… कोण?… अहो, विहीणबाई! सलाम, सलाम… बऱ्या आहात ना? व्याही कसे आहेत?… काय? गाडीत बसलात? कुठे निघालात?… आमच्याकडे?… दुर्दोनाला न्यायला?

मर्गिलान गावच्या मुहतरमबाई अंगणात तुतीखाली उभ्या होत्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात औषधाची बाटली. समोर बाजेवर नवी सून दुर्दोना डोळे मिटून बसलेली, आणि गालांवरून पाणी ओघळतंय. लग्नाला दोन महिने झाले नाहीत तोच सुनेची आई होसियत रिश्तानहून तडक निघाली होती. पोर अशी माहेरी गेली की संसार मोडलाच, हे सांगायला मुहतरमबाईंना कोणी नको होतं.

हो, रडतेय… म्हणजे रडत नाहीये हो, औषध झोंबतंय!… कुणी सांगितलं?… करोमतनं? आमच्या भिंतीवर जिची हनुवटी कायमची टेकलेली असते, ती?… मी मुंडी धरली होती? हो, धरली होती! न धरून सांगते कुणाला? थेंब टाकायला गेलं की तोंड फिरवते तुमची लेक…

नाही हो, मारत नाही… अहो, ऐका तर. पापण्यांत किडे झालेत तिच्या… किडे! केसांच्या मुळाशी… नुसत्या डोळ्यांनी नाही दिसत. डॉक्टरीणबाईंनी पापणीचा एक केस उपटून यंत्राखाली धरला. मलाही दाखवले. वळवळत होते मेले! त्या दिवशी घास उतरला नाही माझ्या घशाखाली…

आमच्या घरात झाले? तोंड सांभाळून बोला हं, विहीणबाई! सुरम्याची कांडी कुणी दिली तिला? तुम्हीच ना, स्वतःची वापरलेली?… मग! तुमच्याही पापण्या लाल असतात, मी लग्नातच पाहिलं होतं. पण विहिणीला विचारणार कोण?… सुरमा टाकून दिला. हो, टाकला!… चांदीची कांडी उकळून ठेवलीय, घाबरू नका.

नाही, आज नाही नेता यायची. औषध मध्येच सोडलं तर मेले पुन्हा डोकं वर काढतात… तुम्ही टाकाल? ती “नको ना, आई” म्हणाली की तुम्ही विरघळणार. मी नाही विरघळत. मी सासू आहे!

म्हणू दे लोकांना… अहो, पहाटे ती अंगण झाडताना सगळी गल्ली तिचे डोळे बघायची. तंदूरवाल्यानं नान देता देता विचारलं मला, सुनेला छळता का म्हणून. मी झाडूच काढून घेतला तिच्या हातातून… हो, आता मीच झाडते! तर गल्ली म्हणते, सुनेनं सासूला राबायला लावलं.

तिच्याशीच बोला ना. देते… नको? का?… माझ्यासमोर खरं बोलणार नाही? तुम्हाला काय ठाऊक?… काय?… तुम्हीही असंच सांगायचात? आईला?… “कांदा चिरत होते”?… आणि खरं काय होतं?

मुहतरमबाईंनी बाटलीला टोपण लावलं आणि त्या हळूच बाजेच्या कडेला टेकल्या. सुनेनं एक डोळा किलकिला केला, तर सासूचाच चेहरा उतरलेला.

…रोज? सासू मारायची?… आणि आईला कांदाच खरा वाटला?… कोणीच आलं नाही न्यायला?… होसियत… अगं, नको रडू. ड्रायव्हर बघतोय ना… नाही, नाही, परत फिर नाही म्हणत मी. ये. गल्लीच्या तोंडाशी उतरू नकोस, गाडी पार दारात आणायला सांग. बघू दे सगळ्यांना, दुर्दोनाची आई आलीय…

मागच्या खोलीत बस तिच्याजवळ, दार लावून. मी तिकडे फिरकणार नाही… तिला वाटेल ते सांगू दे… “चल” म्हणाली तर घेऊन जा. मी आड येणार नाही… बाटली बरोबर देईन, पण रोज संध्याकाळी फोन करून विचारीन, सांगून ठेवते!… हो, आणि तुझेही डोळे दाखवू उद्या डॉक्टरीणबाईंना…

आणि “राहते” म्हणाली तर?… तर राहू दे. फेरी फुकट कशी गं? तिच्यासाठी कोणीतरी निघालं, एवढं कळलं तिला… हो, ये. मी पुलाव चढवते… नाही, कांदा मी चिरते. ठेवते.