अंगावर सवाल असलेल्या शाहिराबाबत

नाव हितेंद्र सखाराम भुवड. वय चोवीस. धंदा सध्या ठराविक नाही, मागच्या महिन्यापर्यंत हिंदमाताला साडीच्या दुकानात पुतळ्यांना साड्या नेसवत होतो. राहणार परळ गाव, दुसरा मजला, जिन्याला लागून पहिली खोली.

पोलीस ठाण्यात बाकावर बसून, शुद्धीत राहून, कोणी दमदाटी न करता सांगतो की, हा जबाब मी मघाशीच लिहायला हवा होता. हवालदार बुद्धभूषण साहेबांनी मला कागद आणि पेन देऊन बराच वेळ झाला. "माझं मनगट दुखतंय, तू दहावी झालायस ना, तूच लिही, मी नंतर बघतो," असं ते म्हणाले. मी हो म्हणालो आणि पेनातली रिफिल संपलीय सांगून बाहेर गेलो. रिफिल संपलेली नव्हती. कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो. तिथे एक ओळखीचा भेटला, त्याने नवीन बाईक घेतलीय, ती बघितली, एक चक्कर मारली, हॅन्डल जरा डावीकडे ओढतं. परत आलो तर साहेब म्हणाले, "रिफिल पुण्याला मिळाली काय?" मला वाटत होतं की कागदावर आलं की पक्कं होतं, आणि पक्कं झालं की बुवा आत जातात. म्हणून टाळलं. आता लिहितो.

बुवा म्हणजे गुणाजी रेवाळे, आमच्या शक्ती पार्टीचे शाहीर. ते आत्ता माझ्या समोरच्या बाकावर डोळे मिटून बसलेले आहेत. त्यांच्यावर आरोप आहे की त्यांनी एका बाईला लाउडस्पीकरवरून धमकी दिली. शिवाय पोलिसांना नाव सांगितलं नाही. दोन्ही खरं आहे, पण तसं नाही.

उपनिरीक्षक ललिता मॅडम वर्ध्याकडच्या असल्याने त्यांना मी जे समजावलं तेच इथे लिहितो. आमच्या कोकणात शक्ती-तुरा असतो, आणि कोकणातून गिरणीत आलेल्या लोकांनी तो परळ-लालबागेतही आणला. दोन पार्ट्या असतात. शक्तीवाले देवीला मोठं मानतात, तुरेवाले महादेवाला. मधे शाहीर आणि ढोलकी, भोवती एका पायात घुंगरं बांधून गोल नाचणारे आम्ही. आधी एकमेकांना गाण्यात टोमणे, मग सवाल. ज्याच्यावर सवाल पडला त्याने त्याच चालीत उत्तर द्यायचं. उत्तर न देता जो मैदान सोडतो तो हरला, त्याने आपला झेंडा खाली ठेवायचा. घरोघरी नवरा-बायको हेच करतात, फक्त ढोलकी नसते, असं मी म्हणालो. मॅडम हसल्या नाहीत.

आज रविवारी दुपारी आमच्या चाळीमागच्या पटांगणात बारी होती, म्हणजे दोन पार्ट्यांचा सामना. आमच्या नाचणाऱ्यांचे शर्ट या वेळी पोपटी आहेत आणि त्यावर खरोखरचे पोपट छापलेले आहेत. कापड मी आणलं होतं, स्वस्त पडलं, ते लहान मुलींच्या फ्रॉकचं आहे हे शिवून आल्यावर कळलं. त्यावरून बराच वाद झाला, पण तो इथे नको असं हवालदार साहेब म्हणाले.

समोर तुरा पार्टी नालासोपाऱ्याहून आली होती. त्यांच्या शाहीर कालिंदीताई धनावडे. वय पस्तिशीचं असेल, आवाज असा की माईक नसला तरी चालेल. त्यांनी पहिल्यांदाच बुवांवर टाकलं ते असं:

थकला गडी शक्तीचा, आता घरी न्या याला,
पेज पाजा ऊन ऊन, शालीत गुंडाळा.

लोक हसले. बुवाही हसले, पण बुवा हसले की मान खाली घालतात, ती त्यांनी घातली. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढल्या आठवड्यात आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की यापुढे मांडी घालून बसायचं नाही, आणि आमचे बुवा मांडी घातल्याशिवाय गात नाहीत. ही बारी म्हणून शेवटची होती. हे कालिंदीताईंना माहीत नव्हतं. आम्ही कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिलं कारण जबाबात खरं लिहायचं असतं.

मग बुवांनी परत टाकलं:

ऐक गो कालिंदे, माझ्या वाटेला जाऊ नको,
घरापर्यंत येईन, दार लावून घेऊ नको,
जीभ तुझी बांधून टाकीन, मग रडत राहू नको.

आम्ही प्रत्येक ओळ पुन्हा म्हटली, नाचत. तशीच पद्धत आहे.

पटांगणाच्या समोर जो नवीन टॉवर झालाय त्यात विक्रांत प्रधान नावाचे गृहस्थ राहतात. ते आधी शिवाजी पार्कला राहायचे. त्यांनी खिडकी उघडली ती नेमकी या ओळींना. त्यांनी पोलिसांना फोन करून कळवलं की एक वयस्कर इसम एका महिलेच्या घरात शिरून तिची जीभ बांधण्याची धमकी देत असून दहा-बारा इसम एकसारखे कपडे घालून त्याच धमकीचा पुनरुच्चार करीत आहेत. हे मॅडमनी मला वाचून दाखवलं. यातलं एकही वाक्य खोटं नाही.

फोन झाल्यावर पोलीस येईपर्यंत मधे एक गोष्ट घडली, ती महत्त्वाची आहे. कालिंदीताईंनी सवाल टाकला. बुवांनी सगळी पुराणं कोळून प्यायलीत, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. ताईंनी विचारलं:

कृष्ण निघाला मथुरेला, रथ वेशीपाशी,
राधेच्या गं चुलीवर काय होतं त्या दिवशी?

ढोलकी थांबली. बुवांनी आमच्या ढोलकीवाल्याकडे बघितलं, त्याने वर बघितलं. हे कुठल्याच पोथीत नाही. मी नंतर मोबाईलवर शोधलं, तर ताकाच्या कढीची पाककृती आली.

आमच्या पार्टीचा एक नेम आहे. बुवांच्या गुरूंनी घालून दिलेला. अंगावर सवाल असताना शाहिराने दुसऱ्या कोणाच्याही प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. आधी ते उत्तर, मग बाकी जग. मधेच दुसऱ्याला उत्तर दिलं तर पहिला सवाल हरला असं धरतात. आणि बुवांनी आजवर झेंडा खाली ठेवलेला नाही.

आणि तेवढ्यात मॅडम गाडीतून उतरल्या आणि बुवांना पहिलंच विचारलं, "आजोबा, तुमचं नाव काय?"

बुवांनी त्यांच्याकडे आदराने बघितलं आणि गप्प राहिले. मॅडमनी परत विचारलं. बुवा गप्प. मी पुढे होऊन म्हणालो, "मॅडम, त्यांच्या अंगावर सवाल आहे." मॅडम म्हणाल्या, "त्यांच्या अंगावर तक्रार आहे." मग आम्हाला गाडीत घातलं. मला कोणी घातलं नव्हतं, मी आपणहून बसलो. पायातली घुंगरं सोडायला वेळ मिळाला नाही, त्यामुळे इथे मी पाय हलवला की हवालदार साहेब दचकतात.

आम्ही निघालो तेव्हा मागे तुरेवाले ओरडत होते की शक्तीने मैदान सोडलं, आम्ही जिंकलो. आमची पोरं ओरडत होती की पोलिसांनी नेलं तर ते सोडणं होत नाही. त्याचा निकाल कोण लावणार माहीत नाही. तुरेवाल्यांनी टेम्पो भरला आणि ते नालासोपाऱ्याला निघाले असं आमच्या पोरांनी फोनवर कळवलं. कालिंदीताईंचा मोबाईल बंद येतो. त्या जिंकल्यात, कशाला उचलतील.

ठाण्यात आल्यावर मॅडमनी सरळ सांगितलं की दोनच रस्ते आहेत. एकतर आजोबांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं की हे गाणं होतं, नाहीतर त्या बाईंनी येऊन सांगावं की धमकी नव्हती. नाहीतर गुन्हा दाखल. मी म्हणालो, मी सांगतो ना. मॅडम म्हणाल्या, "तू धमकीच्या कोरसमध्ये होतास."

मग बुवांना बोलतं करायचा बराच प्रयत्न झाला. हवालदार साहेबांच्या असं लक्षात आलं की बुवा प्रश्नालाच उत्तर देत नाहीत, बाकी त्यांचं काही म्हणणं नाही. "चहा घेणार का?" म्हटलं की गप्प. "चहा ठेवलाय," म्हटलं की पितात. म्हणून मॅडमनी युक्ती केली आणि म्हणाल्या, "तुमचं नाव गुणाजी रेवाळे आहे." बुवा नुसते बघत राहिले. हो म्हणणं हेही उत्तरच झालं ना. साहेब हळूच म्हणाले, "पक्का माणूस आहे." साहेबांचं गाव खेडजवळ आहे. त्यांचे वडीलही ढोलकी वाजवायचे, असं त्यांनी मला सांगितलं आणि मग ते सांगितल्याबद्दल इकडेतिकडे बघितलं.

बुवांच्या घरून शेवंतीकाकींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन माझ्या मोबाईलवर आला. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाव सांगत नाय म्हणजे काय? माज्या कुठल्या प्रश्नाला उत्तर देतत ते? लग्न झाल्यापास्नं सवालच चाललाय त्येंचा." मग म्हणाल्या, "गुडघा दुमडून बसू नको म्हणावा त्येंना. आणि त्यो झेंडा सांबाळ."

त्यानंतर प्रधान साहेब स्वतः ठाण्यात आले, सही करायला. चांगला माणूस आहे. हातात पाण्याची बाटली घेऊन आले होते, धमकी मिळालेल्या बाईसाठी. मी त्यांना सगळं समजावलं. ते म्हणाले, "अहो, पण शब्द तर तेच होते ना? दार लावून घेऊ नको म्हणाले ते." मी म्हणालो, "होय. पण त्याआधी ताईंनी त्यांना शालीत गुंडाळायला सांगितलं होतं." प्रधान साहेब म्हणाले, "ते मी ऐकलंच नाही. मी अंघोळीला गेलो होतो." मग त्यांनी बुवांकडे बघितलं आणि तक्रार मागे घेता येते का म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला धमकी दिली नव्हती. ज्यांना दिली त्यांनी यायला हवं."

प्रधान साहेबांनी मला विचारलं की सवाल काय होता. मी सांगितला. चालीत सांगितला, तसा सांगितल्याशिवाय मला येत नाही.

हवालदार साहेब म्हणाले, "दूध असणार. कृष्ण चालला म्हटल्यावर लक्ष कुठलं. उतू गेलं असणार."

प्रधान साहेब विचार करून म्हणाले, "मला वाटतं त्या दिवशी तिने चूल पेटवलीच नसेल."

"चुलीवर काय होतं असं विचारलंय, साहेब," हवालदार म्हणाले. "काहीच नव्हतं म्हणून कसं चालेल. तुरेवाले सोडतील काय."

"आपण इथे धमकीचा तपास करतोय," मॅडम म्हणाल्या आणि फाईलमध्ये बघू लागल्या. मग वर न बघता त्या म्हणाल्या, "भाकरी. तव्यावर राहिली असेल."

बुवांनी डोळे न उघडता हात वर केला. सगळे त्यांच्याकडे वळले. मॅडमसुद्धा.

मी बुवांकडे बघत होतो. ते मांडीवर बोटाने ताल धरत होते, पण पहिल्या ओळीच्या पुढे बोट जात नव्हतं. मी त्यांच्याकडे शाळा सोडल्यापासून नाचतोय, मला कळतं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आणि नाव सांगून मोकळं व्हायची त्यांची तयारीही नव्हती. मी म्हणालो, "बुवा, सांगून टाका ना नाव. इथे आपलं कोण बघतंय?" हाही प्रश्नच होता, त्यामुळे त्यांनी उत्तर दिलं नाही. फक्त माझ्याकडे असं बघितलं की मी कागद घेतला आणि लिहायला बसलो.

वर लिहिलेलं सगळं मी हवालदार साहेबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी वडिलांच्या ढोलकीची ओळ काढायला सांगितली, मग म्हणाले राहू दे. पोपटांचं मी आपणहून कमी केलं आहे. वाचलेलं आणि सांगितलेलं एकच आहे, यात कोणाच्या पदरचं काही नाही, असं लिहून मी सही करणार होतो.

सही राहिली आहे, कारण आत्ता दारात कालिंदीताई उभ्या आहेत. त्यांच्या पायात चप्पल आहे, खांद्याला टेम्पोतलं धुळीने माखलेलं गाठोडं आहे आणि मागे त्यांचा ढोलकीवाला ढोलकी घेऊन धापा टाकतोय. दहिसरपासून उलटे आलो, असं तो म्हणतोय.

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. प्रधान साहेबांनी पाण्याची बाटली पुढे केली. मॅडम म्हणाल्या, "ताई, घाबरू नका. यांनी तुम्हाला धमकी दिली का?"

ताई म्हणाल्या, "दिली तर. नसती दिली तर मी तक्रार केली असती. मला काय हलकी समजले काय?"

"मग तुम्ही कशाला आलात?"

"तक्रार द्यायला. हे माझा सवाल अंगावर घेऊन मैदानातून आले. पोलिसांनी आणलं म्हणून मी जिंकले असं म्हणत आमची पोरं नाचतायत टेम्पोत. पोलिसांच्या हातची जीत मला नको. लिहून घ्या. सवाल परत द्या, नाहीतर उत्तर द्या."

मॅडमनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. हवालदार साहेबांनी उठून दरवाजा लोटला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. कालिंदीताई खाली फरशीवर बसल्या, ढोलकीवाला बसला. ताईंनी सवाल पुन्हा गायला, हळू, राधेच्या चुलीवर काय होतं त्या दिवशी.

बुवा बाकावरून उतरले. दोन्ही हातांनी गुडघा धरून फरशीवर मांडी घातली. ताईंनी ते बघितलं आणि ढोलकीवाल्याला थांब म्हणाल्या, बुवांचं बसणं होईपर्यंत. मग बुवांनी तोंड उघडलं, आणि पहिला शब्द निघाला तो "शेवंते".

इथपर्यंत बरोबर आहे. पुढचं मला लिहिता येणार नाही, बुवा गातायत आणि ओळ धरायला इथे त्यांच्या बाजूने मी एकटाच आहे.