पेपराला प्रॉम्प्टर नसतो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा व्यवस्थापन समितीचेही अध्यक्ष श्री. बकारामजी टेंभरे, गावच्या सरपंच सौ. अनुसयाबाई, उद्यापासून ही शाळा ज्यांच्या हाती जाणार आहे ते श्री. ओमेश्वर कटरे सर; ज्यांच्या नाट्यमंडळाने हा मंडप आणि हा मध्येच किंचाळणारा माईक दिला ते श्री. डोमनलालजी राहांगडाले; व्यासपीठावर बसलेले आणि व्यासपीठावर खुर्ची न मिळाल्यामुळे थोडे नाराज झालेले सर्व मान्यवर; माता-पालक आणि माझ्या विद्यार्थ्यांनो, सर्वांना नमस्कार.

मागच्या रांगेत पाय कोण हलवतं आहे? बंद कर. माझ्या निवृत्तीला अजून संध्याकाळपर्यंत वेळ आहे.

बकारामजींनी मघाशी मला फणसाची उपमा दिली. वरून काटे, आतून गोड गरे. आभारी आहे. पण अध्यक्ष महोदय, आतले गरे आपण कधी पाहिलेत? समितीच्या सभेला तर आपण नेहमी काटे मोजूनच घरी गेलात. मी कडक आहे हे खरं आहे आणि त्याबद्दल मी आज माफी मागणार नाही. माफी शेवटी मागायची असते, तेव्हा मागेन.

माझ्या हातात कागद नाही, हे आपल्या लक्षात आलं असेल. भाषणाच्या मुद्द्यांचा कागद पहिल्या रांगेत बसलेल्या दुर्गेश्वरी राहांगडालेच्या मांडीवर आहे. ती यंदाच आठवी पास झालेली आमची विद्यार्थिनी, डोमनलालजींची पुतणी. मी बोलताना अडखळले तर ती मला सावरेल, अशी माझी समजूत आहे. कागद तिच्याकडे का गेला, ते सांगण्यासाठीच मी उभी आहे. तीच माझ्या शेवटच्या वर्षाची गोष्ट.

आपण सगळे घरोघरी मुलांना एक वाक्य ऐकवतो, "अभ्यास कर." चहा पिताना ऐकवतो, मोबाईल बघता बघता ऐकवतो, शेजारच्या मुलाला बक्षीस मिळालं की जरा जोरात ऐकवतो. पण अभ्यास म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या लेकराला कोणी दाखवलं आहे का? मी एकदा सातवीच्या वर्गात विचारलं, "अभ्यास करता म्हणजे काय करता रे?" एक मुलगा उभा राहिला. "पुस्तक उघडून बसतो जी."

"मग?"

"मंग आई जेवाले बलावते."

हसू नका. तुमच्या-माझ्या घरचंच उत्तर आहे ते.

आता आमच्या लोकेंद्रकडे वळते. लोकेंद्र हा डोमनलालजींचा मुलगा. त्याची फजिती मी या माईकवरून सांगणार आहे, पण त्याची परवानगी घेऊन. त्याने एकच अट घातली. "मॅडम, माझं काम मोठं ठेवजा." नटाचं पोर आहे, दुसरं काय मागणार?

डोमनलालजी आपल्या झाडीपट्टीतले नावाजलेले नट. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरली की त्यांचं नाटक आणि नाटकाला तुफान गर्दी. तालमी थोड्या, नाटकं फार. म्हणून विंगेत प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो, वाक्याचा पहिला शब्द पुटपुटतो आणि नट पुढचं वाक्य गर्जून म्हणतो. लोकेंद्र या विंगेतच मोठा झाला. जगात ज्ञान कसं चालतं, याची त्याची कल्पना तिथेच तयार झाली. मागून कोणीतरी पहिला शब्द देतं आणि आपण गर्जायचं.

वर्गात त्याच्या मागे दुर्गेश्वरी बसायची. दोघं एकाच घरातली, चुलत भावंडं. मी विचारायची, "हृदयाला कप्पे किती?" मागून "चा" एवढाच आवाज यायचा. लोकेंद्र छातीवर हात ठेवून, मान उंचावून, "चार! दोन अलिंद! दोन निलय!" असं उत्तर द्यायचा की शेजारच्या सहावीच्या वर्गात टाळ्या पडायच्या. एकदा तर पाहणीला आलेल्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली. खरं तर ती शाबासकी एक बाक मागे जायला हवी होती.

मग आली आठवीची वार्षिक परीक्षा. आपल्याला माहीत आहे, आता आठवीला नापास झालेलं मूल पुढे ढकललं जात नाही. बैठक व्यवस्थेत दुर्गेश्वरी गेली दुसऱ्या खोलीत. लोकेंद्रने विज्ञानाच्या पेपरात ठळक अक्षरात "हृदय" असं लिहिलं आणि मागे वळून कान टवकारले. पर्यवेक्षक म्हणाले, "काऊन गा, मागं काऊन पाहून राहिला?"

हा म्हणतो, "नक्कल नाही करून राहिलो जी. पयल्या शब्दाची वाट पाहून राहिलो."

विज्ञान गेलं, गणितही गेलं. निकालाच्या दिवशी तो माझ्यासमोर उभा राहिला आणि अगदी मनापासून म्हणाला, "मॅडम, मले सप्पा येते, सगळंच येते. फक्त पयला शब्द सांगा." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच तर अवघड होतं. ओळखीची गोष्ट समोर आली की ती ओळखता येणं वेगळं आणि तीच गोष्ट रिकाम्या कागदावर स्वतः आणून उभी करणं वेगळं. पुस्तक चार वेळा वाचणाऱ्या प्रत्येक मुलाची अशीच फसगत होते. वाचताना पुस्तकच प्रॉम्प्टर असतं.

मी त्याला म्हटलं, "लोकेंद्र, पेपराला प्रॉम्प्टर नसतो."

दुसऱ्या दिवशी डोमनलालजी शाळेत आले. स्टेजवरच्याच आवाजात बोलले. "मॅडम, पोट्टं घरी धडाधड बोलते जी. पेपरात काऊन नाही लिवत?"

"घरी बोलतो तेव्हा जवळ कोण असतं?"

"दुर्गेश्वरी."

"आणि पेपरात?"

डोमनलालजींनी विंगेत बघावं तसं मागे वळून पाहिलं. संवाद नसलेला नट कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. मग म्हणाले, "जूनमंधी पुन्हा परीक्षा हाय ना? निघाला तं निघाला. नाही तं कोहमाऱ्याले धाडतो, मामाच्या ढाब्यावर. टेबल पुसन." लोकेंद्र दाराशी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी अभिनय नव्हता.

मी ठरवलं, मे महिना या मुलाचा. सकाळी ऊन चढायच्या आत समाजमंदिराच्या ओट्यावर लोकेंद्र नटासारखा उभा आणि बाजूला दुर्गेश्वरी पुस्तक घेऊन प्रॉम्प्टर. दोघांना वाटलं, मॅडम सुधारल्या. मी नियम सांगितला. सुरुवातीला अर्धं वाक्य द्यायचं. ते जमलं की एक शब्द. तेही जमलं की एक अक्षर. आणि शेवटी पुस्तक मिटायचं, उत्तरातलं काहीही द्यायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचा.

दुर्गेश्वरी म्हणाली, "मंग म्या का करू जी?"

"गप्प बसायचं."

"थे नाही जमत."

खरंच जमत नव्हतं. लोकेंद्र अडला की ही ओढणीचं टोक तोंडात कोंबायची. एका सकाळी तो छातीवर हात ठेवून "उजव्या निलयातून रक्त जाते... जाते..." म्हणत उभा राहिला. रक्त काही जाईना. तेवढ्यात कोणाची तरी बकरी ओट्यावर चढली, पुस्तक हुंगून उतरून गेली. दुर्गेश्वरीचे डोळे बाहेर यायचे बाकी होते. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. आणि मग लोकेंद्र ओरडला, "फुप्फुसात! फुप्फुसात जाते!" वाडीतली माणसं बाहेर आली. कोणाला काय झालं म्हणून.

त्या दिवशी त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याला आयुष्यात पहिल्यांदा आतून शब्द सापडला होता. दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधी तो ओट्यावर हजर.

इथे पालकांना मी एक सांगते. ढाब्याच्या भीतीने लोकेंद्र ओट्यावर आला, हे खरं. पण भीती दोन दिवस पुरली. भीतीने मूल बसतं. बसल्यावर पुढचं काम दुसऱ्या कशाने तरी व्हावं लागतं. माझ्यासारख्या बाईच्या तोंडून हे ऐकून काही जणांना धक्का बसला असेल. बसू द्या.

आणखी एक किस्सा, डोमनलालजींच्या परवानगीशिवाय. मी लोकेंद्रला विचारलं, "तुमच्या मंडळात प्रॉम्प्टर न लागणारा नट कोण?" तो म्हणाला, "बाबा." कसं काय? तर चिखलणीच्या दिवसांत बाबा ट्रॅक्टर चालवता चालवता नाटकातला राजा होतात. संवादाचा कागद खिशात. अडलं तरी धुरा, म्हणजे शेताचा बांध, येईपर्यंत कागद काढायचा नाही. धुऱ्यावर पोचलं की अडलं तेवढंच बघायचं आणि पुन्हा खिशात. मी डोमनलालजींना बोलावून विचारलं, "ही युक्ती मुलाला कधी सांगितलीत?"

ते म्हणाले, "रोज सांगतो ना जी. अभ्यास कर म्हणून."

आता हसा. डोमनलालजी, आपण नाही.

तेव्हापासून लोकेंद्रने धुऱ्याचा नियम उचलला. धडा तोंडी म्हणून संपेपर्यंत पुस्तक मिटलेलं. अडलं तिथे पेन्सिलीची खूण आणि दुसऱ्या दिवशी फक्त खुणांचा अभ्यास. आलेलं पुन्हा पुन्हा म्हणत बसायचा त्याला फार मोह. कारण त्यात टाळ्या असतात. तो मोह मी मोडला. ते काम मला आवडतं.

जूनमध्ये पुनर्परीक्षा झाली. पर्यवेक्षक सांगत होते की या वेळी लोकेंद्र मागे वळला नाही. डोळे मिटून बसला, एकदा स्वतःच्या छातीवर थाप मारली, मग लिहायला लागला. निकाल लागला. दोन्ही विषय निघाले. फार मोठे गुण नाहीत, मी उगाच वाढवून सांगणार नाही. पण त्यातला एकेक गुण त्याचा स्वतःचा आहे. डोमनलालजी संध्याकाळी माझ्या दारात येऊन फक्त एवढंच म्हणाले, "कोहमाऱ्याले फोन केला. म्हटलं, दुसरा पाहून घे."

आता लोकेंद्र नववीला आमगावला जातो आहे. दुर्गेश्वरीची निवड नवेगाव बांधच्या निवासी शाळेत झाली. ते कळल्यावर लोकेंद्रचं तोंड उतरलं. "मॅडम, तिथं माझ्या मागं कोण बसन?" मी म्हटलं, "आता मागे कोण बसतं, याने तुला काय फरक पडतो?" थोडा विचार करून म्हणाला, "नाही पडत. पन करमन नाही." हे मात्र मला शिकवता आलं नाही. ज्याचं त्याने सोसायचं.

कटरे सर, कपाटांच्या किल्ल्या मी काल आपल्याला दिल्या. एक गोष्ट मात्र किल्लीसारखी हातात देता येत नाही, म्हणून सर्वांसमोर मागते. वर्गात प्रश्न विचारला की गप्प राहा. मूल अडलं तर अडू द्या. उत्तर सांगायची घाई मुलांपेक्षा आपल्या शिक्षक लोकांनाच जास्त असते. त्या गप्प बसण्यात मूल काम करत असतं, आपल्याला ते दिसत नाही एवढंच. आपण नवीन आहात, आवाज चांगला आहे. तो थोडा कमी वापरा.

आणि शेवटचा मुद्दा...

शेवटचा मुद्दा असा की...

दुर्गेश्वरी, शेवटचा मुद्दा काय आहे?

कागद उलटा का केलास? पहिला शब्द तरी दे. अक्षर? बकारामजी, ही मुलगी ओढणी तोंडात धरून बसली आहे. आणि मागून कोण ओरडलं? लोकेंद्र? काय म्हणालास? "सांगू नोको वो!" बरं. माझाच नियम माझ्याच अंगावर. हसा, सगळे हसा.

प्रश्न विचारतेस? हो, तेवढं नियमात बसतं. उभी राहून विचार, सगळ्यांना ऐकू दे.

"मॅडम, उद्या सकाळी प्रार्थनेच्या वेळी तुमी कुठं असान?"

...

हं.

घरी असेन.

आठवलं. बस खाली, बाळा.

इतका वेळ मी लोकेंद्रबद्दल बोलले, डोमनलालजींबद्दल बोलले, कटरे सरांना उपदेश केला. ज्यासाठी आपण हा मंडप घातला, तेवढंच राहिलं. निरोप घ्यायचा होता. मुलांनो, उद्या घंटा होईल तेव्हा मी दाराशी नसेन. उशिरा येणाऱ्याला कोणी थांबवणार नाही, म्हणून उशिरा येऊ नका. मी मागे उभी नसतानाही अभ्यास करा. तो तुम्हाला येतो. मी पाहिला आहे.

अध्यक्ष महोदय, सरपंच बाई, कटरे सर, डोमनलालजी आणि त्यांचा माईक, आपण सर्वांनी वेळ दिलात, शाल दिलीत, मान दिलात, मी मनापासून आभारी आहे. इतक्या वर्षांत आणि आजच्या या बोलण्यातही माझ्या काट्यांनी कोणाला ओरखडा निघाला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावा, ही विनंती. पाहा बकारामजी, माफी मागितली.

एखादं नाव, एखादी गोष्ट बोलायची राहून गेली असेल, तर कोणी सांगू नका. माझं मला आठवेल.

नमस्कार.