ढोलाला जातीचं ठिगळ

रहिमतुल्ला : खरं बोल, बिरप्पा. कुऱ्हाड तुझ्या आज्याची, आणि रक्त ह्या ढोलाच्या झाडाचं?

बिरप्पा : भळाभळा! धोतर लाल झालं की. आजा म्हनला, “बिरोबा, चुकलो!” तवा कुटं झाडानं डोळा मिटला.

रहिमतुल्ला : झाडाला डोळा होता?

बिरप्पा : एकच. तू ढोल बग. परवा जत्रा, आन् ह्यो तडा! सांगोल्यासनं आलोय. परक्या लाकडाचं ठिगळ मारू नगंस, ढोल बोबडा बोलतो. मंग पालखीफुडं वरच्या वाडीचा ढोल, आन् आमी मागं धूळ खात.

रहिमतुल्ला : पण लाकूड कुठलं? बाभूळ म्हणावं तर रंग पिवळट. शिसव म्हणावं तर काळी रेघ दोऱ्याएवढीच. आणि नस बघ, एक थर इकडं पळतो, खालचा तिकडं. रंधा लावला की उचकटतंय. कापडगिरणीच्या मागांचे धोटे करण्यात जन्म गेला, असलं हट्टी लाकूड बघितलं नाही.

बिरप्पा : आमचा आजाबी तसाच व्हता.

गुलबानो : अहो, माझ्या पाण्याच्या ग्लासात नीळ कुणी टाकली?

रहिमतुल्ला : नीळ कुठली? ढोलाचा कीस उडाला असेल.

गुलबानो : उन्हात धरून बघा की.

बिरप्पा : रक्त जुनं झालं की निळं पडतं, वयनी.

रहिमतुल्ला : गप रे! गुलबानो, काय बघतेस एवढं त्यात?

गुलबानो : अब्बांचा लाकडी पेला असंच पाणी निळं करायचा. साखरेच्या आजारावर हकिमानं दिलेला, दांडेलीच्या रानातला. बिबळा म्हणतात त्या झाडाला. तोडला की लाल चीक गळतो म्हणायचे, रक्तासारखा.

रहिमतुल्ला : म्हणजे हा खरं बोलत होता?

बिरप्पा : मलाबी आत्ताच कळलं.

रहिमतुल्ला : पण बिबळा इथल्या वखारीत मिळत नाही. परवापर्यंत कुठनं आणू?

बिरप्पा : मंग ऱ्हाऊ दे. चालू वरच्या वाडीच्या मागं.

गुलबानो : (फडताळातून पेला काढून) ह्याची गोलाई तड्यावर लावून बघा.

रहिमतुल्ला : अगं, हा कापायचा? अब्बांची एवढीच चीज राहिलीय तुझ्याकडं.

गुलबानो : बघा तर.

रहिमतुल्ला : …बसतोय. नससुद्धा तशीच उलटसुलट.

बिरप्पा : वयनी, ढोलात तुमच्या अब्बांचा पेला हाय म्हनलं, तर गावात माजं कोन खरं मानंल?

गुलबानो : नका सांगू. जायच्या आधी इथं एकदा वाजवा, एवढंच.