धुरा नसलेलं वैर

(कोंढा गावात सकाळ, अमेरिकेत रात्र. मोबाईलवर व्हिडिओ कॉल. इकडे आई-बाप, तिकडे मुलगा.)

सुलोचनाबाई : उजवा हात दाखव.

भूपेंद्र : आई, जेवून राहिलो ना मी. हात काय दाखवू?

सुलोचनाबाई : डाव्या हातानं जेवून राहिला. मागच्या इतवारीबी चाय डाव्याच हातानं पेला. तवा मी बोलली नाही. आज दाखव.

इश्वर : अवं, उजव्या हातात मोबाईल असन त्याच्या.

सुलोचनाबाई : मोबाईल डब्याले टेकवून ठेवला आहे. मले दिसत नाही का? तुम्ही कायले मधात पडून राहिले?

इश्वर : मी कायले पडू? नेट जाऊन राहिलं म्हणून म्हटलं.

सुलोचनाबाई : नेट बराबर आहे. भूपेंद्र, दाखवतो का नाही?

भूपेंद्र : हे पाह्य. पट्टी आहे. दुकानातला फ्रीज सरकवताना लागलं थोडंसं.

सुलोचनाबाई : फ्रीज सरकवताना कोपरापर्यंत पट्टी? मायले शिकवतो? पोरीच्या भानगडीत मार खाल्ला का?

भूपेंद्र : नाही.

सुलोचनाबाई : दारू पिऊन पडला?

भूपेंद्र : आई!

इश्वर : सांगून टाक, बापू. आता तुही माय सोडत नाही.

सुलोचनाबाई : सांगून टाक म्हणजे? तुम्हाले मालूम आहे! कवापासून?

इश्वर : धान कापाच्या आधी त्याच्या दोस्ताचा फोन आला होता. तुही शुगर वाढली होती म्हणून...

सुलोचनाबाई : धान कापलं, चुरलं, घरात आलं. अन् तुम्ही माह्यासमोर बसून दोन टाइम पोटभर जेवले!

भूपेंद्र : बाबाले मीच मना केलं होतं. आई, घाबरू नको. गोळी लागली होती. आता ठीक आहो. दोन बोटं वळत नाहीत, बस.

सुलोचनाबाई : देवा रे! कोणी मारली?

भूपेंद्र : डेल नावाचा एक गोरा आहे. आमच्या पेट्रोल पंपाच्या दुकानात रोज सकाळी कॉफी प्याले येत होता.

सुलोचनाबाई : म्हणजे वळखीचाच! मंग तू काय केलं होतं त्याचं?

भूपेंद्र : काही नाही.

सुलोचनाबाई : काही नाही केलं तं कोणी गोळी मारते का? आपला बाजूच्या शेतातला जागेश्वर पाह्य. दर साली शेताचा धुरा, आपला बांध कोरते, पाण्यासाठी फावडं घेऊन अंगावर येते. पण त्याले कारण आहे. दोघाच्या शेताच्या मधात एक धुरा आहे. तुहं अन् त्याचं कायचं होतं? उलटून बोलला असशीन. तुहं तोंड मले मालूम आहे.

भूपेंद्र : त्याची गाडी बर्फात फसली होती, तं मीच ढकलली. थँक्यू म्हणे.

सुलोचनाबाई : ढकलताना गाडीले काही झालं असन.

इश्वर : अवं, ऐकून तं घे पोराचं.

भूपेंद्र : आई, इथं काही गोरे लोक असे आहेत, म्हणतात हा देश फक्त आमचा. बाकीचे निघा, नाही तं मरा. सगळे नाहीत, थोडेच. डेल त्यातला. इथं त्याहिची चार जणांची टोळी होती. जवानीत दुसऱ्या गावी काळ्या लोकांचं चर्च जाळलं, जेलात गेला. सुटल्यावर इथं आला. बायको सोडून गेली होती. डब्यासारख्या घरात कुत्र्यासंगं राहत होता, लोकांची छपरं दुरुस्त करत होता. कोणाले काही मालूम नव्हतं. त्याच्या कुत्र्याले मी बिस्कीट देत होतो.

सुलोचनाबाई : मंग तुलेच काहून मारलं?

भूपेंद्र : मलेच असं नाही. टोळीतला एक जण फुटला, त्यानं पोलिसाले सांगितलं. डेलचं आधीच ठरलं होतं. त्या दिवशी गल्ल्यावर जो कोणी आपल्यासारखा सावळा असन, त्याले. माह्यासंगं काम करणारी डिंपल असती, तं डिंपलले.

सुलोचनाबाई : रोज पाहत होता ना तुले? नाव घेऊन बोलत होता?

भूपेंद्र : शर्टावर नावाचा बिल्ला राहते आमच्या. कधी वाचला नाही त्यानं.

सुलोचनाबाई : मारताना तं काही बोलला असन.

भूपेंद्र : नाही. कॉफीच्या कपाले झाकण लावलं. बराबर दाबून लावलं. कप बाजूले ठेवला अन् मंग मारली.

सुलोचनाबाई : मले पटत नाही. काही तरी असन. तू लपवून राहिला. नोकरी गेली चुलीत, तू घरी ये.

भूपेंद्र : सोमवारी कोर्टात साक्ष आहे माही. ते दिल्याबिगर कसा येऊ? त्याचा वकील म्हणून राहिला, या पोरानं काही तरी केलं असन, शिवी दिली असन, म्हणून त्याचं डोकं फिरलं. इथं फैसला साधे लोक करतात, त्याहिले ते पटलं तं थोडक्यात सुटन तो. अनोळखी लोकासमोर उभं राहून मले सांगाचं आहे, मी काही केलं नव्हतं. वकिलाचं ते कामच आहे, आई. तू कायले तेच विचारून राहिली?

इश्वर : सुलोचना, पाह्य. पोरगा रडून राहिला तिकडे.

सुलोचनाबाई : अवो, जागेश्वरनं तुमच्यावर फावडं उचललं होतं, तवा काय बोलला होता?

इश्वर : आता ते कायले काढते?

सुलोचनाबाई : सांगा म्हणते ना.

इश्वर : म्हणे, इश्वऱ्या, तुह्या बापानं माह्या बापाच्या धानाच्या शेतातली बांधी खाल्ली.

सुलोचनाबाई : म्हणजे बापापर्यंत वळखत होता. वैरी आहे, पण तुमचं नाव घेऊन धावला. यानं तं माह्या लेकराचं नावबी वाचलं नाही.

भूपेंद्र : आई, तुले पटलं का?

सुलोचनाबाई : असा माणूस राहते, हे अजून पटत नाही रे, बापा. पण तू काही केलं नव्हतं. सोमवारी तिथं तसंच सांग. मान खाली घालू नको.

भूपेंद्र : हो.

सुलोचनाबाई : अन् फोन ठेवू नको. भात थंडा होऊन राहिला तुहा.

भूपेंद्र : भूक गेली आता.

सुलोचनाबाई : जेव. डाव्या हातानंच जेव. मी पाहून राहिली.