आधी तवा

— नाय, नळाच्या तक्रारीसारखा अर्ज नको. परदेशी लोकांची नोंद ठेवणारे साहेब आत बसतात ना, त्यांच्या नावानं तुमच्या मशीनवर टाईप करा, दादा. अर्जदार रूपा कचरू सांडू, राहणार छावणी. घर माझं, दोन खोल्यांचं, त्यातली एक अमलला दिलेली. सुदानची आहे, विद्यापीठात शिकते. लिहा — सदर मुलगी तवा घासत नाय. हसता काय? तीन-तीन दिवस तवा मोरीत. मी वर्षभर वहीत तारखा टाकल्यात, हवेत बोलायची सवय नाय मला. संध्याकाळी निखाऱ्यावर कसलं तरी सुगंधी लाकूड जाळते — माझ्या साड्यांना लग्नघराचा वास, चितेगावला मी कामाला जाते त्या कंपनीतल्या बाया विचारतात, रूपाताई, कुणाचं जमवलं? — आणि मोबाईलवर आईशी अशी बोलते, की मोबाईल नसता तरी तिकडं ऐकू गेलं असतं.

बरं, मुद्दा. तिच्या व्हिसाची मुदत एकतीस मार्चला संपली. म्हणजे आता बेकायदा, व्हय ना? मग साहेबांनी तिला विमानात बसवायचं, विषय संपला. जाईल कुठं म्हणजे? घरी. आता घर राहिलंय का, ते मी कसं सांगू — लढाईत गाव सुटलं, आई तंबूत राहते म्हणे. ते अर्जात नका घेऊ. पुरावा? हा काय, तिचा पासपोर्ट. सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा बॅगेतून काढला. तासभर आंघोळ करते, घाई नव्हती. ठेवणार आहे परत, असं बघू नका.

मुदत वाढवून का घेतली नाय? तेही लिहिलंय, थांबा, चष्मा लावते. 'दोन मार्च. अमलनं घरमालकाच्या पत्रावर सही मागितली, मुदतवाढीला लागते म्हणाली. म्हटलं, आधी तवा. नऊ मार्च. तवा घासला, कड काळीच. सही दिली नाही. सोळा मार्च. तवा लख्ख. पण कढई राहिली. तेवीस मार्च. रडली. म्हटलं, रडून कढई निघत नाही. तीस मार्च —'

तीसचं राहू द्या.

मशीन का थांबवली? मला काय ठाऊक, एवढ्याशा सहीवर एवढं अडतं म्हणून — म्हणजे ठाऊक होतं, ती रोज सांगत होती, पण बोलण्यावर कोण — तुम्ही कागद का बदलला? मी सांगितलं का? 'मी घरमालक रूपा सांडू लिहून देते की' — हे तक्रारीचं नाय. हे तिचं पत्र आहे. उशीर झाला तरी घेतात? दंड घेऊन? मी आपलं नुसतं विचारते.

राहू द्या, निघते मी, पासपोर्ट द्या. ती दुपारी यायच्या आत बॅगेत गेला पाहिजे. हात काढा त्याच्यावरचा. सही केल्याशिवाय देणार नाय म्हणता? ही कुठली रीत, दादा? एका बाईमाणसाला असं अडवून धरायचं?

...

पेन आहे माझ्याकडं. तुम्ही तिकडं बघा.